मी वाढवलेला नारळ

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली. गिरगावातली आमची जुनी चाळ पाडून उभी राहिलेली ही इमारत. तिच्यात वयाने सगळ्यात मोठा मी, त्यातून वकील, तेव्हा नारळ वाढवायचा मान माझा असं कमिटीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. लिफ्टच्या दाराला तोरण, खाली पाट, शेजारी पेढ्यांचा बॉक्स. सेक्रेटरींनी नारळ माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "आधी सातव्या मजल्यापर्यंत दोनदा वरखाली करून दाखवा. मग बघू."

"अहो काका, मुहूर्त टळतोय!"

"मुहूर्तावर लिफ्ट मध्येच अडकली तर मुहूर्त येणार आहे का बाहेर काढायला?"

शेवटी नारळ सेक्रेटरींच्या सासऱ्यांनी वाढवला, लिफ्ट सुरू झाली, आणि खडूस म्हातारा म्हणून माझी ख्याती तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत पोचली. लिफ्ट उत्तम चालते. मी रोज वापरतो.

मी मुळात खडूस नाही. पण सात वर्षं झाली, एखाद्या नव्या वस्तूपुढे मी नारळ वाढवलेला नाही. त्यामागे एक गोष्ट आहे. दिवाळी अंकासाठी 'वकिलीतल्या गमतीजमती' लिहा असा आग्रह झाला तेव्हा मी गमतीजमतीच लिहायला बसलो होतो. दोन पानं लिहून झाल्यावर लक्षात आलं की आपण हीच गोष्ट टाळण्यासाठी बाकीच्या गोष्टी सांगतोय. तरी थोडं टाळून घेतो. चाळीस वर्षांची सवय एकदम जात नाही.

माझी वकिली खुनाबिनाची नव्हती. विकणारा आणि घेणारा, एवढीच माझी दुनिया. गिरगावात एका माडीवर दहा बाय बाराची खोली, दोन खुर्च्या, एक बाकडं. येणारी माणसं दादर, परळ, लालबागची. कोणी कापडवाला, कोणी लग्नात वाजंत्री पुरवणारा, कोणी फर्निचर करणारा. आमच्या धंद्यातला कायदा शंभर वर्षांच्या घरातला, आणि तो लिहिणाऱ्यांनी माणसाचा स्वभाव चांगला ओळखलेला होता. विकणाऱ्याला वाटतं घेणारा बुडवणार, घेणाऱ्याला वाटतं विकणारा फसवणार. दोघांचंही अधूनमधून बरोबर निघतं. म्हणून कायद्यानं दोघांच्याही हातात दोन-तीन काठ्या दिल्या आहेत. काठी असून चालत नाही, ती वेळेवर उचलावी लागते. हे वाक्य मी माझ्या अशिलांना इतक्या वेळा ऐकवलं असेल की शेवटी शेवटी ते माझ्याआधी म्हणून टाकत.

विकणाऱ्याची एक काठी मला फार आवडायची. माल पाठवला, तो अजून वाटेत आहे, आणि कळलं की घेणाऱ्याचं दिवाळं वाजलंय, तर विकणारा माल वाटेतच अडवू शकतो. माल ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात असेपर्यंतच हं. घेणाऱ्यानं एकदा उचलला की संपलं. माझ्या ओळखीचा एक उदबत्तीवाला होता. त्याचे पंचवीस खोके नागपूरला निघाले होते आणि सकाळी कळलं, नागपूरच्या दुकानाला टाळं. बिचारा माझ्या खोलीत येऊन डोकं धरून बसला. मी विचारलं, "खोके कुठे आहेत?" म्हणाला, "परळच्या गोडाऊनमधी. दुपारी ट्रक सुटणार." मी पाच ओळींची नोटीस हातानं लिहिली, त्याला स्कूटरवर मागे बसवला आणि परळ गाठलं. ट्रकचं फाळकं लागत होतं. गोडाऊनचा मॅनेजर म्हणाला, "साब, अभी तो भर दिया." मी म्हटलं, "खाली करा. यापुढे पाठवलंत तर जबाबदारी तुमची." पंचवीसच्या पंचवीस खोके उतरले. त्या दिवशी माझ्या कोटाला इतका मोगऱ्याचा वास लागला होता की बायकोनं विचारलं, कोर्टात गेला होतात की देवळात?

घेणाऱ्याच्या काठ्या तीन. माल ठरल्यासारखा नसेल तर नाकारा. नाकारायचा नसेल तर ठेवून घ्या आणि नुकसानभरपाई मागा. आणि वस्तू एकमेवाद्वितीय असेल तर न्यायालयाला सांगा, मला पैसे नकोत, हीच वस्तू हवी. ही तिसरी काठी मी उभ्या आयुष्यात एकदाच वापरली. माटुंग्याचे एक निवृत्त हेडक्लार्क होते. त्यांनी एका जुन्या पेटीचा सौदा केला होता. हार्मोनियमची पेटी, खास जुन्या सुरांची. विकणाऱ्याला दुसरीकडे बरा भाव आला आणि तो फिरला. भरपाई द्यायला तयार होता, जास्तीची सुद्धा. हे गृहस्थ हटून बसले. "भरपाई वाजवता येते का हो?" असं त्यांनी मलाच विचारलं. आम्ही तीन वर्षं भांडलो आणि ती पेटी मिळवली. मग ते ती घेऊन माझ्या खोलीत आले आणि बाकड्यावर बसून त्यांनी मला एक भजन वाजवून दाखवलं. इतकं बेसूर भजन मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, वकिली करावी तर यासाठी.

झालं. आता परबकाकींकडे येतो.

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर परबकाकी राहतात. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर तो घरी बसला आणि काकी उभ्या राहिल्या. गल्लीत एका भाड्याच्या गाळ्यात त्यांच्या सासूचा मसाल्याचा डंक होता, तो त्यांनी चालवायला घेतला. ज्यांनी डंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: ते विजेवर चालणारं उखळ-मुसळ. जाड लोखंडी मुसळं एकामागून एक वर जातात आणि खालच्या उखळात आपटतात. धप्, धप्, धप्. पातं नाही, चाक नाही, कापणं नाही, नुसतं कुटणं. त्यामुळे मसाला तापत नाही आणि त्याचा वास त्याच्यातच राहतो. मार्च ते मे या तीन महिन्यांत दादर-गिरगावच्या बायका भाजलेल्या मिरच्यांचे आणि धण्या-खोबऱ्याचे डबे घेऊन गाळ्यापुढे रांग लावत. काकी नुसत्या आवाजावरून सांगत, मसाला झालाय की अजून दहा मिनिटं हवीत.

गाळ्याच्या मालकाशी काकींचं भांडण झालं होतं, ते मी सोडवलं. तेव्हापासून दरवर्षी पावसाआधी माझ्या घरी अर्धा किलो मालवणी मसाला यायचा. मी फी घेतली होती हे काकी विसरायच्या आणि मीही आठवण करून देत नसे.

सात वर्षांपूर्वी काकींचे गुडघे गेले. डंकापाशी बसायचं म्हणजे खाली बैठक मारून हातानं मसाला सारत राहायचं. ते होईना. एका मशीनवाल्याचा सेल्समन गाळ्यावर येऊन गेला. उभ्यानं चालवायचं नवं मशीन, आत पोलादी पाती, एका तासाचं काम दहा मिनिटांत. काकींनी त्याला एकच विचारलं, ते त्यांनी नंतर मला शब्द न् शब्द सांगितलं. "माझ्या डंकासारखो कुटतलो काय? मसालो तापता कामा नये." सेल्समन म्हणाला, "काकी, एकदम डंक जैसाच. हात लावून बघा, थंडा मिळेल." आणि जुना डंक एक्स्चेंजमध्ये घेऊ, तेवढी किंमत कमी करू, असंही ठरलं.

वाचकहो, सेल्समनचं हे वाक्य कायद्याच्या दृष्टीनं सोन्याचं होतं. घेणाऱ्यानं वस्तू कशासाठी हवी ते सांगितलं आणि विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला योग्य असणं ही सौद्याची अटच होते. कागदावर नसली तरी होते. अट मोडली की पहिली काठी उचलायची: माल नाकारायचा, दिलेलं परत मागायचं. दिलेल्यात काकींचा डंकही आला.

मशीन यायचा दिवस शुक्रवार होता. काकींनी मला नारळ वाढवायला बोलावलं. "गाळो तुमी वाचवलात, तर नारळ तुमीच वाढवूक होयो." मी कोर्टाचा कोट घालूनच गेलो, कारण बारा वाजता मला कोर्टात हजर व्हायचं होतं. गाळ्याला झेंडूची माळ, शेजारच्या बायका नटून उभ्या. मशीन नऊला यायचं ते टेम्पो भोईवाड्याच्या सिग्नलला अडकल्यामुळे सव्वादहाला आलं. आणि शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो.

मग जी धावपळ झाली ती तुम्ही डोळ्यांपुढे आणा. चौघांनी मशीन उतरवलं. काकींनी प्लास्टिकवरूनच हळदकुंकू लावलं, हार घातला. टेम्पोवाल्याला परतीच्या भाड्याची घाई, त्यानं आणि हमालानं जुना डंक उचलून गाडीत चढवला सुद्धा. सेल्समन माल पोचल्याचं चलन घेऊन उभा. मी विचारलं, "चालू करून दाखवणार ना?" तो म्हणाला, "सर, स्टार्टर बसवायला वायरमन दुपारनंतर येईल. आता फक्त डिलिव्हरीची सही." काकींनी पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"वकीलसायब, करू सही?"

अडतीस वर्षं मी एकच गोष्ट सांगत आलो होतो: उघडून, चालवून बघितल्याशिवाय चलनावर सही करू नका. कायद्यानं घेणाऱ्याला माल तपासायची वाजवी संधी मागायचा हक्क दिलाय, तो मागा. माझ्या खोलीत भिंतीवर तशी पाटी होती, माझ्याच अक्षरात. मी घड्याळात बघितलं. दहा वाजून सव्वीस मिनिटं.

"करा, करा. राहुकाळ लागतोय," मी म्हणालो.

मी स्वतः राहुकाळ मानत नाही, हे इथं सांगायला हवं. पण हातात नारळ, गळ्यात कोणीतरी घातलेला हार, वीस बायका माझ्याकडे बघताहेत. मोठेपणा हा असा चढतो. काकींनी सही केली. सेल्समन म्हणाला, "सर, एक साक्षीदार." मी माझीही केली, खाली 'वकील' असं लिहून, रेघ ओढून. चलनावर काय छापलंय ते वाचलं नाही. मग नारळ वाढवला. एका फटक्यात दोन सरळ भकलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सेल्समननं मोबाइलवर फोटो काढला. टेम्पो डंक घेऊन गेला आणि मी टॅक्सी पकडून कोर्टात गेलो.

मंगळवारी काकींचा फोन आला. "जरा येऊन जातास?"

गेलो. गाळ्यात एक वाडगा मसाला माझ्यापुढे ठेवला. मी बोट बुडवलं. गरम होता. चहाच्या कपाला बाहेरून लागतो तसा. रंग नेहमीपेक्षा काळपट आणि वासात किंचित करपटपणा. काकी म्हणाल्या, "परत पाठवूचा म्हटला तर... पूजा झालीसा. हळदकुंकू व्हायलंय. लक्ष्मीक कशी परत धाडू?"

इथं माझं काम होतं. कायद्यात एक साधं, सुंदर कलम आहे. माल नाकारायचा असेल तर तो परत पाठवावाच लागतो असं नाही. 'नको' एवढं कळवलं की पुरे. मशीन हारासकट गाळ्यात राहिलं असतं, काकींच्या लक्ष्मीला कोणी हात लावला नसता. मला तिथल्या तिथे एका कागदावर दोन ओळी लिहायच्या होत्या. उदबत्तीवाल्यासाठी पाच लिहिल्या होत्या.

मी लिहिल्या नाहीत. का, ते आज पहिल्यांदा लिहितोय. नोटीस पाठवली की उत्तरात चलन येणार. चलनावर काकींच्या सहीखाली माझी सही, पुढे 'वकील', त्याखाली रेघ. सगळ्या वकिलांत बातमी होणार, विक्रीच्या कायद्याच्या गुरूनं माल न बघता सही केली. त्या वाडग्यापुढे बसून मी याचा विचार केला. काकींचा केला नाही. आणि वर शहाण्यासारखा म्हणालो, "एवढी घाई नको करूया. मेकॅनिकला बघू दे. सीझन आहे, तोवर चालवत राहा. पुरावाही जमेल."

"तुमी म्हणतास तर तसा," काकी म्हणाल्या.

मेकॅनिक दोनदा आला. एकदा जाळी बदलली, एकदा पातं. मसाला तापायचा तो तापतच राहिला. काकी थोडा थोडा घालून, मध्ये थांबून, ताटात पसरून वारा घालून बघायच्या. एप्रिलात रांग अर्धी झाली. मे महिन्यात एक गिरगावची बाई, बारा वर्षांची गिऱ्हाईक, डबा उघडून वास घेऊन म्हणाली, "काकी, राग मानू नका, पण हा तुमचा मसाला नाही." काकींनी तिला पैसे परत दिले. पुढच्या खेपेला ती शेजारच्या गल्लीतल्या डंकावर दिसली. एक गेली की तिच्यामागे तिची जाऊ, नणंद, शेजारीण. मसाल्याचं गिऱ्हाईक जिभेवर टिकतं, ओळखीवर नाही.

जूनमध्ये, गाळा रिकामा पडल्यावर, मी नोटीस पाठवली. उत्तर मला पाठ होतं. माल ताब्यात घेतला, तपासून घेतल्याची सही आहे, साक्षीदार खुद्द वकील, अडीच महिने वापरला, आता नाकारता येत नाही. चलनावर छापलं होतं: 'माल तपासून, चालवून, समाधानकारक असल्याचे पाहून स्वीकारला.' सोबत फोटोची प्रत. मशीन, हार, आणि हसत हसत नारळ वाढवणारा मी.

साक्षीदारच झालो म्हटल्यावर मला काकींची केस चालवता येईना. ती माझ्या ज्युनियरनं, मानसीनं, चालवली. हुशार मुलगी. तयारी करताना तिनं मला विचारलं, "सर, चौथ्याच दिवशी कळलं होतं, तर तेव्हाच का नाही नाकारलं?" मी म्हणालो, "मेकॅनिकला संधी देणं वाजवी होतं." तिनं ते लिहून घेतलं. माझ्या तोंडून आलेलं म्हणून.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. समोरचा वकील माझ्या मुलाच्या वयाचा होता आणि फार अदबीनं विचारत होता.

"सर, आपण किती वर्षं वकिली करता?"

"तेव्हा अडतीस."

"विक्रीच्या कायद्यातच ना?"

"हो."

"चलन वाचून सही केलीत?"

"नाही."

"आपल्या अशिलांना काय सल्ला देता आपण, सर? वाचून करा की न वाचता?"

कोर्टात कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "वाचून."

"आणि या फोटोत नारळ कोण वाढवतंय?"

"मी."

"धन्यवाद, सर."

चौथ्या दिवसाबद्दल त्यानं विचारलं नाही. त्याला माहीतच नव्हतं. त्यामुळे मला जे हायसं वाटलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मग मशीनवाला पिंजऱ्यात आला. तो काही लबाड माणूस नव्हता. सेल्समन जास्त बोलला असेल, असं तो स्वतःच म्हणाला. मानसीनं त्याला विचारलं, "जुना डंक कुठे आहे?" तो म्हणाला, "मॅडम, दीड महिना गोडाऊनमध्येच पडून होता. जागा अडत होती, मग भंगारात दिला."

मागच्या बाकावर काकी बसल्या होत्या. दीड महिना. म्हणजे त्या मंगळवारी, वाडग्यात बोट बुडवून मी शहाणपण सांगत होतो तेव्हा, डंक गोडाऊनमध्ये होता. दोन ओळींनी परत आला असता. मी काकींकडे बघितलं नाही.

निकाल योग्य लागला. कायद्याच्या दृष्टीनं मी सुद्धा दुसरा दिला नसता. मशीन त्या कामाचं नव्हतं हे सिद्ध झालं, पण माल स्वीकारल्यामुळे तो परत करण्याचा हक्क गेला. आता फक्त भरपाई. पहिली काठी हातातून गेलेली, दुसरी हातात. मानसी खूश होती, तिची पहिली जिंकलेली केस. मी चेक घेऊन लालबागला गेलो. काकींनी तो दोन्ही बाजूंनी बघितला.

"ह्यात माझो डंक येतलो काय?"

"नवा डंक करून मिळेल, काकी. चौकशी करतो."

"नवो नको," त्या म्हणाल्या आणि चेक देवापुढे ठेवला.

त्यांनी गाळा सोडला. मशीन कोणीतरी धणे-जिरं दळायला घेऊन गेलं, त्या कामाला ते चांगलं आहे म्हणे. मीही वर्षाभरात वकिली बंद केली. गुडघे माझेही दुखत होते, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण पावसाआधीचा मसाला थांबला नाही. आता अर्धा किलो नाही, लहानशी बरणी. घरच्या खलबत्त्यात कुटलेला. दर जूनमध्ये बरणी यायची आणि मी आठवडाभर ती उघडत नसे.

काकींना वाटत होतं, कायदाच असा आहे, त्याला कोण काय करणार. मी तसं वाटू दिलं. सात वर्षं.

लिफ्टचा प्रसंग झाला त्या आठवड्यात मला झोप लागेना. खडूस म्हटल्याचं दुःख नव्हतं. नारळ न वाढवून मी कसलं तरी प्रायश्चित्त घेतोय अशी माझी समजूत होती, आणि ज्यांची क्षमा मागायची त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं. रविवारी सकाळी लालबागला गेलो. दोन जिने चढून वर पोचेपर्यंत धाप लागली. काकी दारातल्या खुर्चीवर बसून मिरच्यांची देठं काढत होत्या.

"येवा, येवा. आज वाट खंय चुकलात?"

मी बसलो आणि आधी चहा नको म्हणालो. मग सगळं सांगितलं. चौथ्या दिवशी नुसतं 'नको' कळवलं असतं तर पुरत होतं. मशीन परत पाठवायचीही गरज नव्हती. डंक परत मिळाला असता. मला ते ठाऊक होतं. माझ्या सहीची लाज वाटली म्हणून मी बोललो नाही.

काकींचे हात थांबले. खाली गल्लीत कुठल्यातरी डंकाची धपधप चालू होती.

"मगे तेवां सांगूक नाय तुमी," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"नाही."

"माका चौथ्या दिवशी नाय कळला. पयल्याच दिवशी कळला. वायरमन गेलो, पयलो घाणो काढलंय, नि वासावरच कळला. ह्यां आपला नाय."

"मग तीन दिवस का थांबलात?"

"नारळ तुमी वाढवलेलो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मशीन वायट म्हणाचा म्हणजे तुमच्या हाताक वायट म्हणाचा. कोट घालून इललात. तुमका काय वाटात? म्हणान गप रवलंय."

एका गाळ्यात, एका वाडग्याच्या दोन बाजूंना आम्ही बसलो होतो. ती बाई माझी लाज राखत होती. मीही माझीच राखत होतो. तिच्या डंकाची बाजू घ्यायला तिथं कोणी नव्हतं.

"चुकलो, काकी," मी म्हणालो. चाळीस वर्षांत हा शब्द मी कुठल्याही अशिलापुढे उच्चारला नव्हता.

त्या म्हणाल्या नाहीत की जाऊ द्या. तसं म्हणतील अशी मला आशा होती, हे कबूल करतो. त्यांनी मिरच्यांची सुपली बाजूला सरकवली, खुर्चीचा हात धरून उठल्या, आत गेल्या. आतून कसलातरी डबा सरकवल्याचा आवाज आला. परत आल्या त्या हातात एक नारळ आणि कोयता घेऊन.

"जेवून जावा. सुकट करतंय. माझ्या हातात आता जोर नाय, ह्यो वाढवून देवा."

मी नारळ घेतला. उंबऱ्यापाशी बसलो, तीन-चार ठोके घातले. त्या शुक्रवारसारखी सरळ भकलं पडली नाहीत, वेडावाकडा फुटला. पाणी वाटीत धरलं. आणि सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा, मी एक भकल उजेडाकडे धरून आत निरखून बघितलं, नाकाशी नेलं, वास घेतला.

काकी दाराला टेकून बघत होत्या.

"आता बघतास?" त्या म्हणाल्या.